दिवाणखान्यांतील आरमार

पुणें शहरास दोन नद्या आहेत, तलाव आहेत, कालवा आहे. समुद्र तेवढा नाहीं. घाट उतरल्याखेरीज खाऱ्या वाऱ्याचा वास पुणेकराच्या नाकास लागत नाहीं. तथापि मराठ्यांच्या आरमाराच्या भाग्याचे कित्येक निर्णय याच शहराच्या नांवानें झाले. इ. स. १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गच्या बंदरांत तुळाजी आंग्रे यांचें आरमार जळून गेलें. त्या मोहिमेंत नानासाहेब पेशव्यांच्या दरबारानें इंग्रजांशीं हातमिळवणी केली होती. पुढें १७८३ च्या एप्रिलांत आनंदराव धुळपांनीं इंग्रजांचें ‘रेंजर’ नांवाचें जहाज लढून पकडलें, तेंही पेशव्यांच्याच निशाणाखालीं. समुद्र न पाहतां समुद्राचा कारभार करणें ही आमच्या शहराची जुनी रीत आहे, असें कोणी थट्टेनें म्हटल्यास त्यास उत्तर देणें कठीण जाईल.

ही आठवण होण्याचें कारण असें कीं, अलीकडे पुष्कळ सुशिक्षित घरांतून एक लांबट पेटी येऊं लागली आहे. परदेशीं असलेला मुलगा किंवा पुतण्या ती सुटींत घेऊन येतो, अथवा घरचाच कोणी हौशी मनुष्य ती मागवितो. पेटींत जहाजाच्या प्रतिकृतीचें सारें साहित्य असतें: कण्याची फळी, बरगड्या, पातळ पट्ट्या, पितळी तोफा, वाटाण्याहून लहान कप्प्या, दोन-तीन जातींच्या दोऱ्याचीं रिळें आणि चित्रांची वही. पहिल्या महिन्यांत घर उत्साहानें भरून जातें. बरगड्या उभ्या राहतात, पट्ट्या वांकवून बसविल्या जातात, रंग लागतो, जहाज जहाजासारखें दिसूं लागतें. नंतर दोऱ्याची पाळी येते आणि काम थांबतें. डोलकाठ्या उभ्या केलेलें, परंतु एकही दोर न बांधलेलें जहाज कपाटाच्या माथ्यावर जातें आणि तेथें त्याच्यावर धूळ बसते. अशीं अर्धीं जहाजें आम्हीं एकाहून अधिक घरीं पाहिलीं आहेत. म्हणून या कामाच्या दुसऱ्या अर्ध्याविषयीं, म्हणजे दोरबांधणीविषयीं, चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

काम येथेंच कां थांबतें, हें आधीं पाहूं. लांकडाच्या कामांत रोजची प्रगति डोळ्यांस दिसते. दोऱ्याचें तसें नाहीं. डोलकाठीच्या बाजूस चढण्यासाठीं ज्या दोरांच्या शिड्या असतात त्यांचेंच उदाहरण घ्या. एका बाजूस सहा उभे दोर आणि त्यांवर पंचवीस आडव्या पायऱ्या धरल्या, तर गांठी झाल्या दीडशें. दोन्ही बाजूंच्या मिळून तीनशें. आणि डोलकाठ्या तीन असल्यास नऊशें. एका गांठीस एक मिनिट लागलें तरी पंधरा तास झाले, आणि इतक्या श्रमानें जें दिसतें तें एवढेंच कीं, कोळ्याच्या जाळ्यासारखें कांहीं डोलकाठीस लागलें आहे. मनुष्याचा धीर सुटतो तो येथें. परंतु ज्यास दोराचें कारण कळलें त्याचा धीर सहसा सुटत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. कारण मग ती निरर्थक नऊशें गांठींची शिक्षा राहत नाहीं.

दोर कशासाठीं?

शिडाच्या जहाजांतील दोरांचे दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग स्थिर दोरांचा. तंबूच्या खांबास जसे चोहोंकडून तणावे लागतात, तसे डोलकाठीसही लागतात. पुढील तणावा तिला मागें पडूं देत नाहीं, बाजूचे व मागील तणावे तिला पुढें अथवा कुशीवर पडूं देत नाहींत. हे दोर एकदां बांधले कीं हलत नाहींत. समुद्राच्या पाण्यानें कुजूं नयेत म्हणून त्यांस डांबर लावीत, आणि म्हणूनच प्रतिकृतींत ते काळे किंवा गडद तपकिरी दाखवितात. दुसरा वर्ग चल दोरांचा. शीड वर चढविणें, उतरविणें, त्याची काठी वाऱ्याच्या रोखानें फिरविणें, शिडाचा कोपरा खेंचून धरणें, हीं कामें त्यांचीं. ते कप्प्यांतून धांवत असल्यामुळें त्यांस डांबर नसे. त्यांचा रंग तागाच्या सुतळीचा, फिकट पिंवळसर. पेटींत काळें रीळ आणि पांढरें रीळ कां असतें, याचें उत्तर एवढेंच आहे. पुष्कळ जण शोभेसाठीं रंगांची अदलाबदल करितात. जाणत्याच्या डोळ्यास तें शेंदूर पायास लावल्याप्रमाणें दिसतें.

बाजूचा तणावा ताणण्याची युक्ति फार सुंदर आहे. तणाव्याच्या खालच्या टोंकास तीन छिद्रांची एक लांकडी चकती बांधतात. तशीच दुसरी चकती जहाजाच्या कुशीस पक्की असते. दोहोंच्या छिद्रांतून एक बारीक दोर आळीपाळीनें ओंवून खेंचला कीं तणावा हवा तितका ताठ होतो. मोठ्या जहाजावर दोर सैल पडल्यास खलाशी हाच बारीक दोर पुन्हा खेंचीत. प्रतिकृतींत सर्व चकत्यांच्या जोड्यांतील अंतर अगदीं सारखें दिसलें पाहिजे. डोळ्यांच्या अंदाजानें तें साधत नाहीं. तारेचा एक तुकडा घेऊन त्याचीं दोन्ही टोंकें काटकोनांत वळवावीं व तीं वरच्या-खालच्या चकतीच्या छिद्रांत अडकवून मगच तणावा बांधावा. एक तार केली कीं सर्व जोड्यांचें काम तिनें होतें.

बांधण्याचा क्रम

क्रम तीन सूत्रांत सांगतां येतो: आधीं स्थिर, मग चल, आधीं खालचें, मग वरचें, आधीं मधलें, मग कडेचें. हा क्रम मोडल्यास पुढें हात शिरत नाहीं, आणि एक गांठ मारावयास गेलें असतां तीन सुटतात.

बाजूचे तणावे जोडीजोडीनें येतात. एकाच दोराचा मधला भाग डोलकाठीच्या माथ्यावर फांस करून बसवावयाचा आणि त्याचीं दोन्ही टोंकें एकाच बाजूस खालीं आणावयाचीं. पहिली जोडी उजव्या कुशीस पुढच्या अंगास, दुसरी डाव्या कुशीस, तिसरी पुन्हा उजवीकडे, असें आळीपाळीनें बांधावें. एक बाजू पुरी करून दुसरीस हात घातला तर डोलकाठी पहिल्या बाजूस कललेली असते आणि ती सरळ होतां होत नाहीं. दोर ताणतांना बळ लावूं नये. रेषा सरळ दिसली कीं पुरे. सतारीची तार आणि जहाजाचा तणावा यांत हा भेद आहे. पेन्सिलीएवढी डोलकाठी नुसत्या दोऱ्याच्या ओढीनें धनुष्यासारखी वांकते.

पायऱ्यांची गांठ बालवीरांस परिचित आहे: दोऱ्याचा एक वेढा घ्यावा, तिरकें वर जाऊन दुसरा घ्यावा आणि टोंक दुसऱ्या वेढ्याखालून काढावें. मधल्या तणाव्यांवर ही गांठ येते. पायऱ्यांतील अंतर सारखें राहावें म्हणून पांढऱ्या कागदावर आडव्या रेघा आंखून तो कागद तणाव्यांच्या मागें लावावा. मात्र बाहेरचे दोन तणावे आंत ओढले जात नाहींत ना, हें दर पायरीस पाहावें. नाहीं तर शिडीची कंबर बारीक होते. गांठीस क्षणांत चिकटणारा गोंद वापरण्याचा मोह होतो, परंतु त्यानें दोरा कडक होतो व डाग पडतो. पाणी घालून पातळ केलेला फेव्हिकॉल सुईच्या टोंकानें लावला असतां तो वाळल्यावर दिसत नाहीं, आणि गांठ सोडावयाची झाल्यास पाण्यानें मऊही होतो.

जाडीचा हिशेब

ज्या घरांत गणिताची आवड असलेले वडील मनुष्य असेल त्यांच्याकडे हा भाग सोंपवावा. जुन्या काळीं दोराची जाडी व्यासानें मोजीत नसत, घेरानें मोजीत. समजा, एका मोठ्या तणाव्याचा घेर १८ इंच आहे. त्यास ३·१४ नें भागिलें कीं व्यास सुमारें ५·७ इंच, म्हणजे १४५ मिलिमीटर. प्रतिकृति मूळ जहाजाच्या एकचौसष्टांश असेल तर १४५ ला ६४ नें भागावें. दोरा सुमारें सव्वादोन मिलिमीटरचा हवा. पायऱ्यांतील अंतर १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर धरलें, तर प्रतिकृतींत तें सहा मिलिमीटर येतें. पेटींतील दोरा बहुधा दोनच जाडींचा असतो, आणि खऱ्या जहाजावर मुख्य तणाव्यापासून निशाणाच्या दोरीपर्यंत जाडीच्या कितीतरी पायऱ्या असतात. सारे दोर एकाच जाडीचे बांधले कीं जहाज खेळण्यासारखें दिसतें, तें यामुळेंच.

मग निरनिराळ्या जाडीचा दोर आणावा कोठून? तो घरीं वळावा. येथें आमच्या वाचकांच्या घरांत एक विद्या पूर्वापार आहे, तिची आठवण द्यावीशी वाटते. जानवें कसें होतें तें पाहा. टकळीवर सूत काढावयाचें, चार बोटांभोंवतीं शहाण्णव वेढे मोजावयाचे, त्या सुताचे तीन पदर एका दिशेस पिळावयाचे, आणि तसे तीन पदर घेऊन त्यांस उलट दिशेचा पीळ द्यावयाचा. नऊ तंतु होतात आणि तें सूत्र उलगडत नाहीं. जहाजाचा नांगर ज्या जाड दोरानें सोडीत, तोही याच रीतीनें होई: तीन पदरांचा एक दोर, आणि तशा तीन दोरांस उलट पीळ देऊन एक दोरखंड, एकूण पदर नऊ. एका दिशेचा पीळ सुटूं पाहतो, दुसऱ्या दिशेचा त्यास धरून ठेवतो. दोहोंच्या ओढाताणींतून स्थैर्य येतें. पोर्ट्समथच्या गोदींतील दोर वळणारा आणि सदाशिव पेठेंतील टकळी फिरविणारा भिक्षुक यांची कधीं भेट झाली नसेल. सुताच्या धर्मानें मात्र दोघांस एकच मार्ग दाखविला.

जानव्याचें सूत जहाजास लावावें असें आमचें म्हणणें नाहीं. जें ज्या कामासाठीं काढलें तें त्याच कामीं लागावें. परंतु टकळी व ती फिरविणारा हात घरांत असेल तर त्याचा उपयोग अवश्य करावा. साध्या शिवणाच्या दोऱ्याचे तीन पदर घ्यावे. दोऱ्याचा मूळ पीळ ज्या दिशेस असेल त्याच दिशेस प्रत्येकास आणखी पीळ द्यावा, मग तिन्हींचीं टोंकें एकत्र बांधून उलट दिशेस फिरवावें. लांबीचा सुमारें तिसरा हिस्सा पिळांत जातो, तेव्हां तेवढा दोरा अधिक घ्यावा. झालेला दोर कापला असतां टोंक उसवलें नाहीं म्हणजे पीळ बरोबर बसला असें समजावें. शेवटीं तो मधमाशीच्या मेणावरून एकदां ओढावा. त्यानें लव बसते व ओल कमी शिरते.

ओलीचा प्रश्न पुण्यास लहान नाहीं. सुती व तागी दोर ओल शोषून फुगतात आणि लांबीस आंखडतात. कोरड्या हवेंत पुन्हा सैल पडतात. एप्रिलच्या कोरड्या दुपारीं ताठ बांधलेला तणावा श्रावणांत डोलकाठी वांकवितो. श्रावणांत बांधलेला चैत्रांत लोंबतो. म्हणून मध्यम ताण ठेवावा आणि काम शक्यतों दसऱ्यानंतर, हवा स्थिर झाल्यावर करावें. पॉलिएस्टरच्या दोऱ्यास हा उपद्रव फारसा नाहीं. मात्र त्याची चकाकी मेणानें मारावी लागते. बाकीचें साहित्य शहरांत सहज मिळतें. चिमटे, बारीक तार, गिरमिटाचीं पातीं बोहरी आळींत; दोरे, सुया आणि क्रोशाची आंकडी तुळशीबागेंत. ही आंकडी दाट दोरांच्या आड शिरून टोंक ओढून काढण्यास बोटांहून बरी.

घरांतील मंडळी

एकत्र कुटुंबांत या कामाची विभागणी चांगली होते. मुलांचे डोळे तीक्ष्ण, त्यांनीं कप्प्या ओंवाव्या. धारेचें पातें मात्र मोठ्यांच्याच हातीं असावें. ज्यांचे हात कांपूं लागले आहेत त्यांनीं नकाशा वाचावा व कोणता दोर झाला, कोणता राहिला, याची वही ठेवावी. आणि ज्यांनीं आयुष्यभर वाती वळल्या, मण्यांचीं तोरणें ओंविलीं, रुखवताची नाजूक कामें केलीं, त्यांच्याइतका सराईत हात या कामास दुसरा नाहीं. येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कांहीं घरांत असें होतें कीं, नऊशें गांठी घरांतील स्त्रिया मारितात आणि पाहुणे आले म्हणजे जहाज यजमानांनीं बांधलें असें सांगितलें जातें. ही रीत सोडावी. जहाजाखालीं पितळेची पट्टी लावावयाची असल्यास तीवर सर्वांचीं नांवें असावीं.

हें सारें पोरखेळ आहे असें म्हणणाऱ्यांनीं दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नाविक शाखेंत जहाजांच्या प्रतिकृति करणें हा स्पर्धेचा विषय आहे. आणि पुण्यांतच कोथरूडास जोशी यांचें लघु रेल्वेचें संग्रहालय १९९८ सालीं उभें राहिलें, तें एका माणसाच्या अशाच छंदांतून. लहान आकारांत केलेली वस्तु मोठ्या वस्तूचें ज्ञान देते.

कोणतें जहाज बांधावें?

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. परदेशी पेट्यांत जहाजें असतात तीं बहुतेक परदेशचींच. नेल्सनचें ‘व्हिक्टरी’ तर फारच लोकप्रिय. १७६५ सालीं पाण्यांत उतरलेलें हें जहाज आजही पोर्ट्समथला आहे, आणि त्यावर सुमारें सव्वीस मैल दोर लागे असें सांगतात. तें अवश्य बांधावें. विद्या कोणाचीही असो, ती घेण्यांत कमीपणा नाहीं.

परंतु दुसरें एक जहाज पाहा. ‘ट्रिंकोमाली’ नांवाची लढाऊ नौका मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं मलबारी सागाची बांधिली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं ती पाण्यांत उतरली. त्यानंतर अवघ्या चोवीस दिवसांनीं, ५ नोव्हेंबरास, खडकीची लढाई झाली आणि पेशवाईच्या अखेरीस आरंभ झाला. ती नौका आज इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर आहे. तिच्या डोलकाठ्या व दोर पुन्हा उभारून तिचा जीर्णोद्धार २००१ सालीं पुरा झाला. आमच्याच किनाऱ्यावरच्या कारागिराचें, आमच्याच देशच्या लांकडाचें जहाज, त्याचा दोर न् दोर आज कोणासही तपासतां येतो. उलट धुळपांची गुराब कशी दिसे, असें आमच्या मुलानें विचारलें तर त्याच्या हातीं देण्यास घरांत एकही पेटी नाहीं.

तथापि माहिती अगदींच नाहीं असें नव्हे. अठराव्या शतकांतील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानें या जहाजांचें वर्णन करून ठेविलें आहे. गुराबेस दोन, क्वचित् तीन डोलकाठ्या. दोन काठ्यांची गुराब दीडशें टनांपर्यंत, तीन काठ्यांची तीनशेंच्या सुमारास. लांबीच्या मानानें रुंद, उथळ पाण्यांत चालणारी, आणि पुढें टोंकदार निमुळती नाळ. त्या नाळेवर कठडा नसे, म्हणजे समोरून आलेली लाट वाहून जाई. आणि तिच्यावरून समोर मारा करण्यासाठीं दोन तोफा असत. गलबत त्याहून लहान, क्वचितच सत्तर टनांवर. चाळीस-पन्नास वल्हीं, आणि मुख्य काठीवर एकच मोठें त्रिकोणी शीड, ज्याचें टोंक डोलकाठीच्याही वर जाई. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रां’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे, गुराबा फार थोर नकोत, फार लहानही नकोत, असा त्यांत उपदेश आहे, आणि रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेल्या आंब्या-फणसांस आरमाराच्या लांकडासाठीं हात लावूं नये अशी ताकीदही आहे. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या नौकांची लढाई कोरलेली आहे. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथें मराठ्यांच्या गोदीचे अवशेष आहेत.

एवढ्या आधारावर जहाज उभें राहील काय? राहील, याचा दाखला आतां आहे. अजिंठ्याच्या चित्रांतील पांचव्या शतकाच्या नौकेवरून, कोणताही जुना आराखडा हातीं नसतां, गोव्यांत काथ्यानें फळ्या शिवून एक खरें जहाज बांधण्यांत आलें. फेब्रुवारी २०२५ मध्यें तें पाण्यांत उतरलें आणि २१ मे २०२५ रोजीं कारवार येथें ‘कौंडिण्य’ या नांवानें नौदलांत दाखल झालें. चित्रावरून जहाज होऊं शकतें, तर वर्णनावरून वीतभर गलबत कां होऊं नये?

नवशिक्यास तर गलबतच सोईचें. त्रिकोणी शिडाची मांडणी फार थोडक्या दोरांत होते. डोलकाठी किंचित् पुढें कललेली. तिच्यावर लांब तिरकी काठी. ती वर चढविण्याचा जाड दोर कप्पीवरून मागें आणून बांधलेला, म्हणजे तोच मागचा तणावाही होतो. बाजूचे तणावे वाऱ्याच्या अंगास बांधावयाचे आणि कुशी बदलली कीं दुसरीकडे न्यावयाचे. नऊशें गांठींची शिडी येथें नाहीं. नोव्हेंबरास आरंभ केला तर संक्रांतीपर्यंत शीड चढेल.

एक गोष्ट मात्र पुस्तकांत पुरी मिळणार नाहीं: या दोरांचीं आमच्या भाषेंतील नांवें. तीं वापरणारे लोक कोळी, गाबीत, भंडारी, खारवी, दालदी; आम्ही नव्हेत. मोल्सवर्थसाहेबांच्या कोशांत दर्यावर्दींचे कित्येक शब्द टिपलेले आहेत. पण होड्यांवर यंत्रें आलीं, शिडें उतरलीं, आणि दोराबरोबर त्याचें नांवही विस्मृतींत जाऊं लागलें. इंग्रजी नांवें पेटींतील वहींत छापलेलीं असतात, तीं कोठें जात नाहींत. आमचीं नांवें वृद्ध तांडेलांच्या तोंडीं आहेत, आणि तीं माणसें दर वर्षीं थोडीं होत आहेत.

म्हणून आमची सूचना अशी. येत्या सुटींत हर्णै, विजयदुर्ग, मालवण यांपैकीं कोठें जाणें झालें, तर अर्धें बांधलेलें जहाज, नाहीं तर निदान त्याचें चित्र बरोबर न्यावें. वाळूवर जाळें दुरुस्त करीत बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्या काकांजवळ मुलांनीं अदबीनें बसावें आणि एकेका दोरावर बोट ठेवून विचारावें कीं, यास तुम्ही काय म्हणतां, आणि तो कधीं सोडतां, कधीं आवळतां? जें उत्तर मिळेल तें, ज्या गांवीं व ज्या उच्चारानें मिळालें तसेंच, तारीख घालून वहींत उतरून घ्यावें. दोन गांवीं दोन नांवें निघालीं तर दोन्ही लिहावीं. जहाज पुरें होण्यास एक हिंवाळा लागतो आणि तो दर वर्षीं येतो; वहीस तेवढा अवकाश नाहीं.